एकशे वीस लिटरचा संसार

धुळ्याहून जैसलमेर साधारण हजार किलोमीटर पडते. हे अंतर आम्ही दोघांनी गेल्या जानेवारीत भाड्याच्या कॅराव्हॅनमधून कापले. गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेले लहानसे घरच होते : मागे पलंग, मध्ये दोन शेगड्यांचा ओटा, कोपऱ्यात कपाटाएवढी न्हाणी आणि तळाशी १२० लिटरची पाण्याची टाकी. नातेवाइकांचा पहिला प्रश्न ‘या वयात गाडी चालवणार कोण’ हा होता, तर ह्यांनी गाडीवाल्याला विचारलेला पहिला प्रश्न टाकीचा होता. पाटबंधारे खात्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा नव्हतीच. निघण्याच्या आदल्या रात्री त्यांनी वहीत हिशेब मांडला. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून रोज दहा लिटर, भांड्यांना आठ, अंघोळीला प्रत्येकी एक लहान बादली, म्हणजे टाकी तीन दिवस पुरणार. पुढे रोज सकाळी चहाच्या आधी, “टाकीमा पानी शे का?” ही विचारणा ठरलेली असे.

कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूर, मग सुरत आणि अहमदाबाद हा टप्पा महामार्गाचा असल्याने त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. डीसामार्गे राजस्थानात शिरलो आणि सांचोरच्या परिसरात नर्मदेचा कालवा भेटला, तेव्हा मात्र ह्यांनी गाडी बाजूला घेतली. आपल्या नंदुरबारच्या उत्तर सीमेवरून, अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांना लागून वाहणारी ही नदी सरदार सरोवरात अडवली जाते. तिथून तिचे पाणी ४५८ किलोमीटर गुजरातेतून आणि पुढे ७४ किलोमीटर राजस्थानातून नेले आहे. २००८ साली ते इथे पोहोचले. या भागात कालव्याचे पाणी मोकाट पाटाने न देता तुषार सिंचनानेच द्यायचे, असा नियम पहिल्यापासून घातलेला आहे. जिऱ्याच्या शेतांवर फिरणारे ते फवारे ह्यांनी बराच वेळ उभे राहून पाहिले आणि असा नियम आपल्याकडे का जमला नाही, यावर मला एक छोटे व्याख्यान दिले. माझ्या डोळ्यांसमोर त्या वेळी याच धरणाच्या पाण्याखाली गेलेली नंदुरबार जिल्ह्यातली ३३ बुडीत गावे होती. तळोद्याच्या शाळेत मी शिकवत असताना त्यांतल्या एका गावाची दोन मुले माझ्या वर्गात होती. गावाचे नाव विचारले की ती जुने सांगायचे की नवे, या विचारात पडत. व्याख्यान संपल्यावर मी एवढेच म्हटले आणि पुढची पंधरा-वीस मिनिटे आम्ही न बोलता प्रवास केला.

बाडमेर ओलांडल्यावर झाडे विरळ झाली आणि बहुतेक खेजडीच उरली. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची आपण पूजा करतो ती. तिथे मात्र तिचा पाला शेळ्या-उंट खातात, शेंगांची म्हणजे सांगरीची भाजी होते आणि तिच्या सावलीत बाजरी पिकते. थंडीचे अप्रूप आम्हांला वाटले नाही, कारण धुळ्याची जानेवारीही काही कमी नसते.

वाळूच्या टेकड्यांसाठी आम्ही सम टाळून खुहडी निवडले. सम जैसलमेरपासून जवळपास चाळीस किलोमीटरवर आहे, पण तिथे रात्री तंबूंतून ध्वनिक्षेपक सुरू होतात आणि वाळवंट ऐकू येत नाही. खुहडीच्या अलीकडे एका ढाणीपासून, म्हणजे रानातल्या लहान वस्तीपासून, हाकेच्या अंतरावर आम्ही गाडी लावली, कळण्याच्या भाकरीबरोबर शेवभाजी केली आणि लवकर झोपलो.

सकाळी विचारणेचे उत्तर द्यायला मी ओट्याची तोटी उघडली, तर नुसती हवा आली. बाहेर येऊन पाहते तो गाडीखाली वाळूवर परातीएवढा काळा ओलावा पसरला होता आणि त्याच्या कडेला दोन होले आणि पाच-सहा चंडोल चोची खुपसत होते. कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी टाकीच्या तळाची निचऱ्याची तोटी सैल झाली होती आणि आदल्या दिवशी भरलेली टाकी रात्रभर बारीक धारेने रिकामी होत होती. कालव्यांची गळती मोजण्यात नोकरी घालवलेला माणूस त्या ओलाव्याकडे पाहत उभा होता. मी काही बोलले नाही, आणि तेच त्यांना अधिक लागले असावे. त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून गळती थांबवली खरी, पण तोवर थांबवण्यासारखे पाणी उरले नव्हते.

घागर घेऊन आम्ही ढाणीवर गेलो. तिथल्या आजोबांनी आमची मोडकी हिंदी ऐकून घेतली आणि किल्ली घेऊन टांक्याकडे नेले. टांका म्हणजे जमिनीत बांधलेला गोल हौद. त्याच्या भोवतीची जमीन टांक्याकडे उतरती, ठोकून घट्ट केलेली आणि अंगणासारखी झाडलेली असते. तिला ते आगोर म्हणतात. पाऊस या आगोरावर पडतो आणि काठाच्या भोकांतून आत जातो. वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस नसलेल्या मुलखात ते पिण्याचे पाणी म्हणून जपले जाते, म्हणून झाकणाला कुलूप. आगोराच्या कडेला आजोबा थांबले आणि त्यांनी आमच्या पायांकडे बोट दाखवले. आम्ही चपला काढल्या. त्यांनी पोहऱ्याने दोन घागरी भरून दिल्या, पैसे घेतले नाहीत आणि झाकण लावून कुलूप दोनदा ओढून पाहिले. ते पाणी आम्ही दीड दिवस पुरवले. भांडी आधी वाळूने घासायची आणि मग पेलाभर पाण्याने विसळायची, हे त्यांच्या सुनेला पाहून शिकले. अंघोळीचा प्रश्नच नव्हता.

पुढे कुलधऱ्याला लोक भूत पाहायला जातात. पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेले हे गाव म्हणजे ओळीने उभ्या असलेल्या छप्पर नसलेल्या दगडी भिंती. ह्यांना तिथे खडीन पाहायचे होते, कारण हे तंत्र पालीवालांचेच. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पाणी सखल भागात मातीच्या लांब बांधाने अडवायचे, ते जमिनीत जिरू द्यायचे आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वरून पाणी द्यावे लागत नाही. गावापासून काही अंतरावर असे एक हरभऱ्याचे शेत सापडले, तेव्हा हे बांधावर बसून मला आपल्या पांझरा नदीवरच्या फडांविषयी सांगू लागले. नदीवर बंधारा, त्यातून पाट, एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, सगळ्यांचे एकच पीक आणि पाणी सोडायला गावानेच नेमलेला पाटकरी. इथे पाणी वाहून येते तेव्हाच पकडावे लागते, तिथे वाहत्या पाण्याची पाळी लावावी लागते. पण दोन्हीकडे बांध एकट्याच्याने राहत नाही, असे त्यांचे म्हणणे. मग फड मोडत का गेले, असे मी विचारले. विहिरींवर मोटारी बसल्या, एवढेच उत्तर त्यांनी दिले आणि हरभऱ्याचा एक घाटा सोलून माझ्या हातावर ठेवला.

गाडी परत केली तेव्हा गाडीवाल्याच्या माणसाने आतली वाळू साफ करायचे म्हणून अनामतीतून पाचशे रुपये कापले. तोटीवरची ट्यूबची पट्टी त्याने वाकून पाहिली, बोटाने दाबून पाहिली आणि तशीच राहू दिली.