भिंतीवरचे फोटो आणि ती फाइल

मी शिकागोच्या साऊथ साईडला एका प्रीस्कूलमधे असिस्टंट टीचर आहे, सहा वर्षं झाली. फेब्रुवारी म्हणजे इकडे ब्लॅक हिस्टरी मंथ, तर दारासमोरची भिंत यावेळी माझ्याकडे आली, लहान मुलांसाठी काम केलेल्या ब्लॅक अभ्यासकांचे फोटो लाव म्हणाले. मी खूश, कारण बार्बरा बोमन तर आमच्याच गावच्या. 1966 ला एरिकसन इन्स्टिट्यूट, म्हणजे बालशिक्षणाचं कॉलेज, सुरू करणाऱ्यांपैकी एक, आणि लहान मुलांना शिकवणाऱ्यांना आधी नीट शिकवा हे त्यांनी आयुष्यभर लावून धरलं. 2024 ला गेल्या, 96 वर्षांच्या होत्या. दुसऱ्या मेमी क्लार्क, मानसशास्त्रज्ञ. नवऱ्याबरोबर त्यांनी चार बाहुल्या, दोन गोऱ्या दोन सावळ्या, बाकी सगळं सारखं, अशा ठेवून तीन ते सात वर्षांच्या ब्लॅक मुलांना विचारलं की यातली छान कुठली, आणि बऱ्याच पोरांनी गोरी उचलली. 1954 ला सुप्रीम कोर्टानं काळ्यागोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या तेव्हा या कामाचा आधार घेतला होता. मी हे वाचते तेव्हा दरवेळी पोटात कालवतं.

तर सकाळी मी फोटो चिकटवतीये आणि मागे ठोकळ्यांच्या कोपऱ्यात धाडकन आवाज. मी वळलेपण नव्हते आणि तोंडातून एका पोराचं नाव निघालं. चार वर्षांचा ब्लॅक मुलगा, दांडगा, गोड आहे खूप. तो माझ्याकडे बघत राहिला, हातात ठोकळा नव्हताच त्याच्या. पण त्याच्या नावानं दंग्याचा फॉर्म भरला गेला, आठवड्यातला तिसरा, आणि लीड टीचर म्हणाली अजून एक झाला की आईला बोलवून घरी पाठवायचं. इलिनॉयमधे 2018 पासून प्रीस्कूलमधून मुलाला काढून टाकता येत नाही, कायदा आहे, पण "आज लवकर घेऊन जा" असं सारखं सारखं म्हटलं की आई स्वतःच नाव काढून घेते, बघितलंय मी हे.

मुलं झोपली तेव्हा मी फॉर्मांची फाइल काढली. त्या महिन्याचे 11 फॉर्म, त्यातले 8 दोनच मुलांचे, दोघंही ब्लॅक. बरेचसे माझ्या अक्षरात. आमच्या ट्रेनिंगमधे सांगितलेलं आठवलं, सरकारी आकडे, 2011-12 चे, देशभरातल्या प्रीस्कूलमधे ब्लॅक मुलं 18 टक्के आणि एकापेक्षा जास्त वेळा सस्पेंड झालेल्यांमधे 48 टक्के. आणि येल विद्यापीठाचा 2016 चा तो प्रयोग, टीचर्सना व्हिडिओ दाखवला, दंगा कोण करतंय बघा म्हणाले, व्हिडिओत दंगा नव्हताच, पण नजर ब्लॅक मुलांवर जास्त वेळ राहिली. तेव्हा मी मान हलवून ऐकलं होतं, आपण भारतातल्या, आपला काय संबंध असं काहीतरी मनात. संबंध कसा नाही, आमच्या कोर्सला पुण्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांचे फोटो होते, दरवर्षी हार घालायचो, आदिवासी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात, गुरं चारायच्या कुरणात नेणाऱ्या बाया, आणि मी इथं एका पोराला आवाजावरून ओळखत होते.

दुपारी लीड टीचरला फाइल दाखवली. ती गप्प झाली थोडा वेळ, मग म्हणाली तू ठोकळ्यांपाशी बस, मी बाकीचं बघते. मी अर्धा तास वही घेऊन बसले, प्रत्येक मुलाच्या नावापुढे रेघ. ठोकळे फेकले चार जणांनी. सकाळच्या त्या पोरानं दोनदा, शेजारच्या सोनेरी केसांच्या मुलानं पाचदा, त्याच्या नावाचा फाइलमधे एकही फॉर्म नाही. आणि माझा हा पोरगा बाकी सगळा वेळ पूल बांधत होता, पडला की परत, पडला की परत, खाली रुंद ठोकळे लावायचे हे त्यानं स्वतः शोधून काढलं आणि मग मला हाक मारून दाखवलं.

सकाळचा फॉर्म लीड टीचरसमोर फाडला. त्याला सॉरीपण म्हटलं, तो म्हणाला ओके मिस आणि गाडी घेऊन पळाला.

सव्वापाचला त्याची आई आली, कामावरचे कपडे, बॅग खांद्यावरून न काढता दारातच थांबली आणि मला बघून म्हणाली, आज काय केलं त्यानं? मी म्हटलं पूल बांधला. तिला वाटलं पुढे काहीतरी आहे, ती थांबली. मी पुलाचा फोटो दाखवला, खाली रुंद ठोकळे कसे लावलेत ते दाखवलं. ती म्हणाली, अजून एकदा सांगा, आणि बॅग खाली ठेवली.