आई-बाबांना नाराची हरणं दाखवायची आहेत

दिवाळी उरकली की आई-बाबा साताऱ्याहून ओसाकाला येताहेत. येऊन चार दिवस झाले, झोपेचं वेळापत्रक जरा रुळावर आलं, की त्यांना जवळच्या नारा शहरात, तिथल्या उद्यानातली मोकळी हरणं दाखवायला न्यायचं आहे. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा धरलाय, मंगळवार. त्यासाठी गेल्या रविवारी मी एकटीच जाऊन सगळी वाट चालून आले. आईच्या डाव्या गुडघ्याला काय झेपेल ते नकाशावर कळत नाही.

जायचं किन्तेत्सु या खासगी रेल्वेच्या गाडीनं. जेआर या दुसऱ्या रेल्वेनंही जाता येतं, पण ते स्टेशन उद्यानापासून लांब पडतं आणि तिथून वीसेक मिनिटं रस्ता तुडवत यावं लागतं. किन्तेत्सु नारा स्टेशनातून वर आलं की पाच मिनिटांत पहिलं हरीण दिसतं. ओसाका-नांबाहून चाळीसेक मिनिटं, तिकीट 680 येन. जाताना डाव्या खिडकीशी बसायचं, कारण इकोमा डोंगराच्या बोगद्याआधी गाडी उतारावरून चढते आणि अख्खं ओसाका खाली पसरलेलं दिसतं. मात्र साइदाइजी स्टेशन गेलं की बाबांना उजवीकडे बघायला सांगणार आहे. तिथे रूळ थेट जुन्या राजवाड्याच्या जागेतून जातात. 710 ते 784 या काळात जपानची राजधानी इथे होती. पुन्हा उभारलेला लाल सुझाकुमोन दरवाजा चालत्या गाडीतून दिसतो, पण मिनिटभरच, म्हणून आधीच तयार राहायला हवं.

बाबांनी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्यांच्यासाठी या दिवसाचा गाभा तोदाइजी हे बौद्ध मंदिर आहे, आणि तिथली एक गोष्ट मी त्यांना अजून सांगितलेली नाही. तिथला बुद्ध सुमारे 15 मीटर उंचीचा, ब्राँझचा. 752 साली त्याचे डोळे उघडण्याचा विधी झाला, तेव्हा डोळ्यांत बुबुळं रेखणारा भिक्षू भारतातून आलेला होता. बोधिसेन त्याचं नाव. 736 साली तो समुद्रमार्गे नानिवाला उतरला. नानिवा म्हणजे आजचं ओसाका, मी राहते तेच शहर! त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांबच लांब दोर बांधले होते आणि जमलेल्यांनी ते हातात धरले होते, म्हणजे डोळे रेखण्यात सगळ्यांचाच हात लागला. तो कुंचला आणि दोर मंदिरामागच्या शोसोइन भांडारात अजून जपून ठेवलेत. पंढरपूरला रथाचा दोर हाताला लागावा म्हणून माणसं कशी धडपडतात, ते बाबांनी पाहिलंय. त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. मूर्तीसमोर उभे असतानाच सांगेन. मंदिर दोनदा जळलं, आजचं सभागृह 1709 चं आणि मूळच्यापेक्षा अरुंद आहे, पण मूर्तीखालच्या कमळाच्या काही पाकळ्या आठव्या शतकातल्याच आहेत. बाबा त्या पाकळ्यांपाशी बराच वेळ थांबतील, म्हणून मी तिथे तास धरलाय.

नोव्हेंबरात तोदाइजी आठला उघडतं. साडेआठपर्यंत आत शिरायचं, सहलीच्या बस यायच्या आधी.

आता हरणं. उद्यानात ती हजाराच्या वर आहेत. आईनं फोनवर पहिला प्रश्न विचारला, "अगं, पाळलेली आहेत का गं ती? रात्री बांधतात कुठे?" बांधत नाहीत. ती कुणाच्याच मालकीची नाहीत, रानटीच आहेत, फक्त माणसाला भीत नाहीत. कासुगा ताइशा या इथल्या शिंतो मंदिराचा देव पांढऱ्या हरणावर बसून इथे आला अशी कथा आहे, म्हणून शेकडो वर्षं त्यांना कुणी हात लावला नाही. महायुद्धाच्या उपासमारीत मात्र ती मारली गेली आणि 1945 साली जेमतेम 79 उरली होती. 1957 मध्ये त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं. आज रस्ता ओलांडताना ज्यांच्यासाठी गाड्या थांबतात, ती त्या 79 मधून वाढलेली हरणं आहेत, हे मनात ठेवूनच मी त्यांच्याकडे बघते.

आईच्या डोळ्यांसमोर ठिपक्यांचं सोनेरी हरीण आहे. तिला आधीच सांगून ठेवलंय की ठिपके उन्हाळ्यात असतात. थंडीचे केस आले की ती करडी-तपकिरी, जाडसर दिसतात. आणि शरद ऋतूत नर माजावर असतात. एखादा नर मान लांबवून ओरडत असेल, तर त्याच्यापासून लांबच राहायचं, फोटोसाठीसुद्धा जायचं नाही.

चारायचं ते फक्त शिका-सेनबेई. तांदळाचा कोंडा आणि पीठ यांच्या पातळ चकत्या, साखर नाही, कागदाच्या पट्टीनं बांधलेली चवड. रोज सकाळी पहिली पोळी गाईला देणारी माझी आई इथे पिशवीतून दशमी काढणार, हे मला ठाऊक आहे. ते करायचं नाही. माणसाचं खाणं त्यांना बाधतं. हरणं सकाळी भुकेली असतात, सेनबेई दिसली की घोळका करून ढुशा देतात. म्हणून चारण्याचा कार्यक्रम मी दुपारी दोननंतर ठेवलाय. तोवर बरीचशी पोटभर खाऊन झाडाखाली रवंथ करत बसलेली असतात, उठून येतील ती एखाद-दुसरीच.

रविवारी मी तसंच करून पाहिलं. एक म्हातारी मादी आली, कानाच्या कडेला जुनी खाच असलेली. मी मान लववली, तिनं लववली, पुन्हा लववली. दोनदा झाल्यावर लगेच द्यायचं, खेळवत बसलं की ती चिडतात आणि चावतात. तिनं चकती ओठांनी हलकेच ओढून घेतली. तळव्याला तिचं नाक लागलं, गार आणि ओलं, आणि उष्ण श्वास. मग मी दोन्ही रिकामे हात तिला उघडून दाखवले. तिनं क्षणभर पाहिलं आणि निघून गेली. तेवढ्यात मागून दुसरीनं माझ्या खिशातला नोंदींचा कागद अर्धा ओढला होता. तो सोडवला तेव्हा जीव भांड्यात पडला, नोंदींसाठी नव्हे, तिच्या पोटासाठी. 2019 साली इथे मेलेल्या एका हरणाच्या पोटात चार किलोंहून जास्त प्लास्टिक निघालं होतं. आपल्याकडच्या गाईंचं जे होतं तेच. त्या रात्री आईला फोन करून बजावलं, पर्समधल्या घडी घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेव. उद्यानातून आपला कचरा आपल्यासोबत परत आणायचा.

डबा हरणांसमोर उघडायचा नाही. तोदाइजीजवळ दार लोटता येईल अशी विश्रांतीची जागा हेरून ठेवलीय. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी आई करेलच.

जेवणानंतर कासुगा ताइशाला चालत न जाता बसनं जाऊ, ती अगदी वरपर्यंत जाते. मग दगडी दिव्यांच्या वाटेनं उतारानं खाली यायचं, गुडघ्याला तेच बरं. तिथले दगडी आणि ब्राँझचे मिळून तीनेक हजार दिवे वर्षातून दोनदाच, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, एकत्र पेटतात. पण मंदिरात एक खोली काळोखी करून आत दिवे लावून ठेवतात. कार्तिकातली दीपमाळ पाहून आलेल्या आईला ती दाखवायचीच आहे.

तोदाइजीच्याच आवारातल्या निगात्सुदो सभागृहाचा सज्जा यादीतून काढताना फार जड गेलं. तिथून सगळं नारा दिसतं, पण पायऱ्या खूप आहेत. बाबांना वाटलं तर ते आणि मी पटकन जाऊन येऊ, आई खाली बाकावर बसेल.

पाचच्या आत सूर्य मावळतो, साडेचारला स्टेशनकडे वळायचं. पाऊस असला तर सगळं बुधवारी.