सीपीयू निवांत, लोड ११ आणि आयओस्टॅटने खाल्लेला माझा दीड तास

चार कोरचा सर्व्हर, लिनक्स, लोड अ‍ॅव्हरेज ११ च्या वर, आणि टॉप (चालू प्रोसेस आणि सीपीयूचा वापर दाखवणारी कमांड) उघडून बघतोय तर सीपीयू निवांत बसलाय, यूएस (प्रोग्राम चालवण्यात गेलेला सीपीयूचा वेळ) जेमतेम ६-७ टक्के. साधं एलएस (फोल्डरमधल्या फाइलींची यादी) मारलं तरी चार सेकंद काही हलत नाही. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की लोड म्हणजे सीपीयूवर पडलेलं काम, त्यामुळे डोकंच चालेना. लिनक्सवर लोडमध्ये डी अवस्थेतल्या, म्हणजे बहुतेक वेळा डिस्ककडे तोंड करून अडकलेल्या प्रोसेसही मोजतात हे नंतर कळलं.

टॉपमध्ये डब्ल्यूए (आयओची, म्हणजे डिस्कच्या वाचन-लेखनाची, वाट बघत सीपीयू रिकामा बसलेला वेळ) ६५ टक्क्यांच्या आसपास दिसत होता म्हणून डिस्कचा संशय आला. सिसस्टॅट पॅकेज टाकलं आणि त्यातली डिस्कचे आकडे दाखवणारी कमांड, नुसतंच आयओस्टॅट -एक्स मारलं. युटिल (डिस्क कामात असलेला वेळ) ३ टक्के. अवेट (एका रिक्वेस्टला रांगेसकट लागलेला सरासरी वेळ) ९ मिलिसेकंद. सगळं छानच की. परत मारलं, परत तेच. मग डिस्क सोडली आणि नेटवर्क, मेमरी, डेटाबेसची सेटिंगं उपसत बसलो, दीड तास गेला.

घोळ असा की आयओस्टॅटचा पहिला रिपोर्ट हा मशीन बूट झाल्यापासूनची सरासरी असतो!! माझा सर्व्हर २११ दिवस चालू होता, म्हणजे मी दर वेळी २११ दिवसांची सरासरी बघून "डिस्क ठीक आहे" म्हणत होतो. मॅन पेजमध्ये (कमांडच्या माहितीपानात) हे सरळ लिहिलंय, पण वाचतो कोण. इंटरव्हल (किती सेकंदांनी नवा रिपोर्ट हवा ते) द्यावा लागतो, आयओस्टॅट -एक्सझेड १ असं, आणि पहिला रिपोर्ट सोडून दुसऱ्यापासून बघायचं, नाहीतर -वाय टाकला की तो पहिला छापतच नाही. झेडमुळे निवांत पडलेली डिव्हाइसेस गळतात.

आता आकडे बघा: आर/एस (सेकंदाला वाचायच्या रिक्वेस्ट) १००, डब्ल्यू/एस (लिहायच्या) २०, दोन्ही अवेट ३०० मिलिसेकंदांच्या आसपास, एक्यूयू-एसझेड (रांगेची सरासरी लांबी) ३६, युटिल १००. गणित पण जुळतं, सेकंदाला १२० रिक्वेस्ट गुणिले ०.३ सेकंद म्हणजे ३६, तेवढ्या रिक्वेस्ट कायम रांगेत किंवा डिस्कच्या हातात. ७२०० आरपीएमची फिरणारी डिस्क, एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, त्यात हेड हलायचा वेळ, ती रँडम आयओ (डिस्कवर इकडेतिकडे विखुरलेलं वाचन-लेखन) सेकंदाला शंभर-सव्वाशेच्या पुढे ओढणार कुठून. (युटिलवर विश्वास अशा एकट्या फिरणाऱ्या डिस्कपुरताच ठेवा, एसएसडी आणि रेडमध्ये एकत्र जोडलेल्या डिस्क एकाच वेळी बऱ्याच रिक्वेस्ट उरकतात, तिथे १०० दिसलं म्हणून डिस्कची ताकद संपली असं नाही. मी अवेट आधी बघतो.)

मध्ये अजून एक गंमत झाली, मी जुने लॉग कॉम्प्रेस करायला लावले चारही कोरवर, आणि डब्ल्यूए धाडकन ५ वर आला. मला वाटलं सुटलं! पण एलएस तसंच रखडत होतं. डब्ल्यूए म्हणजे सीपीयू रिकामा आहे आणि कुठलंतरी आयओ बाकी आहे तो वेळ, सीपीयूला दुसरं काम दिलं की रिकामा वेळच उरत नाही मग डब्ल्यूए कुठून दिसणार. डिस्कची रांग होती तिथेच होती.

आयओस्टॅट डिस्क सांगतो, कोण ते सांगत नाही. त्यासाठी पिडस्टॅट -डी १ (कुठली प्रोसेस किती आयओ करते ते दाखवतो), आणि त्यात तीन आरसिंक (फाइली दुसरीकडे कॉपी करणारा प्रोग्राम) वर आले. तीन! बॅकअपचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप सुरू होणारं काम) दर तासाला, पूर्वी वीस मिनिटांत संपायचा, फाइली वाढत गेल्या तसा तासाच्या पुढे गेला, आधीचा संपायच्या आत दुसरा सुरू, तिघं मिळून हेड इकडून तिकडे पळवतायत आणि मग तिघंही अजून हळू. क्रॉन मीच लिहिलेला, त्यामुळे शिव्या कोणाला द्यायच्या हा प्रश्न नव्हता. दोघांना किल मारला तर लगेच मेले पण नाहीत, डी मध्ये असले की हातातलं आयओ संपेपर्यंत सहसा सिग्नल ऐकत नाहीत.

क्रॉनच्या ओळीत एफलॉक -एन घातलं, म्हणजे आधीचा चालू असेल तर नवीन गुपचूप परत जातो. आयओनाइस (प्रोसेसचा डिस्कसाठीचा नंबर मागे ढकलणारी कमांड) पण लावलं, पण आयओ शेड्युलर (डिस्कच्या रिक्वेस्टचा क्रम ठरवणारा कर्नलचा भाग) त्याला भीक घालत असेल तरच उपयोग, माझ्याकडे शेड्युलर बीएफक्यू केल्यावर फरक पडला.

बॅकअप जिथे जातो ते मशीन फ्रीबीएसडीचं (लिनक्ससारखीच पण वेगळी सिस्टिम), म्हणून तिथेही आयओस्टॅट -डब्ल्यू १ लावला. तिथे डिस्क आणि सीपीयूच्या आधी टीटीवाय म्हणून रकाना येतो, टिन आणि टाउट, म्हणजे टर्मिनलांवरून किती अक्षरं वाचली आणि किती लिहिली (लिनक्सवाल्यात हा नाहीच). एकाच मशीनवर ढीगभर लोक टर्मिनल लावून बसायचे तेव्हाचं काहीतरी असेल म्हणून मी सोडून देणार होतो, पण टाउट सेकंदाला हजारोंत धावत होता. डिस्क तर गप्प. मग आठवलं, सकाळी टेस्ट म्हणून तिथे टीमक्सच्या (टर्मिनल सोडून गेलं तरी आतलं काम चालू ठेवणारा प्रोग्राम) एका खिडकीत टार -व्ही (फाइली एकत्र बांधणारी कमांड) लावून विसरलो होतो, ते बापडं एकेक फाइलचं नाव छापत बसलं होतं.