शून्य दशांश एक म्हणजेच शंभर

०.१ मिलिग्रॅम म्हणजे १०० मायक्रोग्रॅम. सातवीच्या पोराला येणारं हे गणित सरकारी औषधांच्या खिडकीपलीकडच्या बाईंना पटवताना माझा आख्खा आठवडा गेला, आणि त्याच आठवड्यात आईचं बीपी २१४/११८ वर गेलं. दोन महिने झाले, राग अजून उतरत नाही. म्हणून लिहितेय.

आईला बीपीच्या चार गोळ्या आहेत. अ‍ॅम्लोडिपिन, मेटोप्रोलॉल, पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी, आणि या तिघींना बीपी दाद देईना म्हणून वर्षभरापूर्वी सुरू झालेली क्लोनिडिन, सकाळ-संध्याकाळ एकेक. तिच्या जुन्या खात्याच्या औषध योजनेतून दर महिन्याला सगळ्या फुकट मिळतात. पहिल्या तीन खिडकीवरच हातात पडतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. चौथी ‘यादीबाहेरची’, म्हणजे अर्ज करून मागवायची.

सोमवारी गेले तर तज्ज्ञांची चिठ्ठी ९४ दिवसांची झालेली. ९० च्या वर चालत नाही. ठीक, चूक माझी. मंगळवारी डॉक्टरांकडे चार तास बसून नवी चिठ्ठी आणली. बुधवारी खिडकीवर बाईंनी चिठ्ठी पाहिली, कॉम्प्युटर पाहिला, परत चिठ्ठी पाहिली. “यात ०.१ एमजी लिहिलंय. आमच्याकडे १०० एमसीजी आहे. हे औषध वेगळं.” मी म्हटलं, मॅडम, एकच आहे, एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम होतात. “ते तुम्ही मला नका सांगू, डॉक्टरांना लिहून द्यायला सांगा.” मागच्या रांगेतले एक काका म्हणाले, “ताई, वाद घालू नका, आमचाही नंबर आहे.” त्या क्षणी मला बाईंपेक्षा काकांचाच जास्त राग आला.

गुरुवारी डॉक्टरांची ओपीडी नव्हती. वॉर्डच्या दारात दोन तास उभी राहून त्यांना गाठलं. त्यांनी हसत ०.१ वर रेघ मारली आणि वर १०० एमसीजी लिहिलं. शुक्रवारी बाई म्हणाल्या, “खाडाखोड चालत नाही. खोडलंय तिथे सही हवी.” पुन्हा डॉक्टर, पुन्हा झेरॉक्स, पुन्हा रांग. दुपारी साडेबाराला अर्ज स्वीकारला. “सोमवारी बघा. उद्या-परवा सुट्टी आहे.”

आईची शेवटची गोळी बुधवारी रात्रीच संपली होती.

बाहेरून विकत का नाही घेतली, हे आता प्रत्येक जण विचारतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये नव्हती, “मागवून देतो” म्हणाला. मी दुसरं दुकान शोधलं नाही. आई म्हणाली, “बाकीच्या तीन चालू आहेत ना, एकीने काय होतंय? फुकट मिळतंय ते विकत कशाला?” मला पटलं. माझी खरी चूक ही. सकाळी मोजलं तेव्हा १६२ होतं, तेही मी धावपळीवर ढकललं.

शुक्रवारी रात्री नऊच्या सुमारास तिला घाम फुटला, छातीत धडधड, डोकं ठणकायला लागलं. “पोटात गोळा आल्यासारखं वाटतंय, भीती वाटतेय,” म्हणाली. ही बाई कशाला घाबरत नाही. मशीन २१४/११८. रिक्षा, कॅज्युअल्टी, देखरेखीखाली पुन्हा तीच गोळी. रविवारी संध्याकाळी घरी.

मधल्या शनिवारी राउंडवरच्या डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या मागे पेन्सिलीने चित्र काढून दाखवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं की बीपीचा कारभार मेंदूतूनही चालतो. मानेतल्या धमनीत ताण मोजणारे संवेदक असतात, बॅरोरिसेप्टर. दाब वाढला की ते मेंदूच्या देठाला, लंबमज्जेला, वर्दी देतात. तिथे ग्लुटामेट नावाचं रसायन निरोप पुढे ढकलतं, मग गाबा हे दुसरं रसायन रक्तवाहिन्या आवळणाऱ्या केंद्राला गप्प करतं. ते केंद्र गप्प झालं की चेतातंतूंच्या टोकांतून वाहिन्या आवळणारं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन कमी सुटतं, वाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते.

आता आईची गोळी. चेतापेशींवर अल्फा-२ नावाचे रिसेप्टर असतात. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन त्यांवर बसलं की पेशीला कळतं, पुरेसं सुटलंय, थांब. मला एकदम पंगत आठवली. ताटावर आडवा हात धरला की वाढपी पुढे सरकतो. क्लोनिडिन म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आपल्या ताटावर धरलेला हात. वाढप्याला वाटतं पोट भरलं, आणि तो कमी वाढतो. वर्षभर हात असा धरून ठेवला आणि एका रात्रीत काढून घेतला की वाढपी थांबत नाही, नुसता ओततच सुटतो. बीपीची ही उसळी साधारण १८ ते ७२ तासांत येते. आईची आली अठ्ठेचाळीसाव्या तासाला. सोबत मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध) असेल तर ती जास्तच वाईट येऊ शकते, हेही तेव्हाच कळलं.

अ‍ॅम्लोडिपिनचं तसं नाही. ती अंगात दीड-दोन दिवस रेंगाळते, एखादा डोस चुकला तर बीपी हळूहळू चढतं. खिडकीला मात्र सगळ्या गोळ्या सारख्याच. (१९६० च्या दशकात जर्मनीत क्लोनिडिन चोंदलेलं नाक मोकळं करायला म्हणून तयार झाली होती. थेंब घेणाऱ्या बाईला गाढ झोप लागली, बीपी उतरलं, तेव्हा तिचा खरा गुण कळला. आईलाही सुरुवातीला झोप आणि तोंडाला कोरड होती. आम्ही वयावर घातलं होतं.)

डॉक्टरांना एवढं विचाराच: यातली कुठली गोळी एकदम बंद करायची नाही? मेटोप्रोलॉलही तशीच आहे म्हणे, मनाने सोडायची नाही. क्लोनिडिन बंद करायचीच असेल तर डॉक्टर हळूहळू उतरवतात, आणि बीटा ब्लॉकर असेल तर आधी तो. चुकलेला डोस भरून काढायला दोन गोळ्या घेऊ नका, फोन करा. आमच्याकडे आता वेगळ्या डबीत दहा दिवसांच्या गोळ्या असतात, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या. स्वस्त आहेत हो, हेच तर दुखतं. आणि चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहून घ्या, ०.१ आणि १००. चिठ्ठीत खाडाखोड झाली तर एकेका खाडाखोडीवर डॉक्टरांची सही घेतल्यावाचून परत येऊ नका. चिठ्ठीची तारीख मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिते, ८० व्या दिवशी.

सोमवारी साडेअकराला फोन आला. “तुमचं औषध आलंय. घेऊन जा. पण सहीला पेशंटने स्वतः यायला लागेल.”