दातांची आठवण

परवा भर दुपारी सुपरमार्केटमधल्या फ्रीजरचे काचेचे दार उघडून मी एका रिकाम्या जागेकडे पाहत उभा राहिलो. डावीकडे वाटाण्याची पाकिटे रचलेली होती, उजवीकडे बटाट्याचे काप होते आणि मधली वीतभर जागा मोकळी होती. खालच्या पट्टीवर नावाची चिठ्ठी मात्र अजून होती. वाटाण्याच्या प्रथिनापासून केलेला, मांसाचा अंशही नसलेला तो खिमा गेली दीड-दोन वर्षे मी दर पंधरवड्याला तिथूनच उचलत होतो. माल उशिरा आला असेल अशी मनाची समजूत घालावी, तर शेजारून ट्रॉली ढकलत जाणाऱ्या मुलाने न थांबताच सांगितले, "ते आता येत नाही, बंद झालं." दार फार वेळ उघडे राहिल्यामुळे फ्रीजर टूं टूं करू लागला, काचेवर धुके धरले आणि मी दार लावले.

या पदार्थांशी ज्यांचा संबंध आहे त्यांना हा प्रकार नवा नाही. एखादी वस्तू आपल्याला मनापासून आवडली, तिला किती पाणी लागते आणि ती किती वेळ परतायची हे हाताला कळले, की ती बंद होते. आणि जी तोंडात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागली होती ती मात्र वर्षानुवर्षे त्याच फळीवर, दर खेपेला नव्या वेष्टनात, 'आता अधिक चविष्ट' असे म्हणत उभी असते. शिवाय या पदार्थांना दुकानात स्वतःचे घर नाही. मी त्यांना मधुमेहींच्या बिस्किटांशेजारी पाहिले आहे, आइस्क्रीमच्या डब्यांखाली पाहिले आहे, एकदा तर पाळीव प्राण्यांच्या खाण्यासमोर पाहिले आहे. मध्यंतरी त्यांना खऱ्या मांसाच्या शेजारी नेऊन ठेवण्याची टूम निघाली होती, तेव्हा मी उधारी थकलेल्या माणसासारखा कडेकडेने जाऊन पाकीट उचलत असे. टोफूची, म्हणजे सोयाबीनच्या दुधाच्या पनीरची, तऱ्हा तर आणखी निराळी: पाण्यात ठेवलेला टोफू दुधाच्या पदार्थांत नाहीतर भाज्यांत सापडतो आणि फ्रीजशिवाय टिकणारा, खोक्यातला मऊ टोफू सॉसच्या बाटल्यांमागे दडलेला असतो. एकदा मी एका कर्मचाऱ्याला विचारले, "मांसासारखं, पण मांस नसलेलं असं काही कुठे ठेवता?" त्याने क्षणभर विचार केला आणि अत्यंत गंभीरपणे मला मासळीच्या विभागाकडे पाठवले.

मी वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत मांस खाल्ले आणि मग सोडले. कारणे सांगत बसत नाही. ज्यांनी सोडले आहे त्यांना ती ठाऊक असतात आणि ज्यांनी सोडलेले नाही त्यांना ती ऐकवून कुणाचे जेवण गोड झालेले मी पाहिलेले नाही. परंतु सोडल्यानंतर एक प्रश्न कायमचा पाठीशी लागतो: "सोडलंय ना? मग ही नक्कल कशाला?" या प्रश्नाने मी पुष्कळ वर्षे ओशाळत असे. मग केव्हातरी ध्यानात आले की मला मांसाच्या चवीची आठवण फारशी येतच नाही. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा वाटा मीठ-मसाल्याचा आणि भाजताना सुटणाऱ्या खमंगपणाचा असतो. तो खमंगपणा प्रथिने आणि साखर यांची उष्णतेत गाठ पडून तयार होतो. लुई कामिय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली ही क्रिया सांगितली आणि पावाचा कडकडीत पापुद्राही तिच्यामुळेच तांबूस होतो. तेव्हा तो भाग कुठेही मिळू शकतो. आठवण येते ती दातांना. काहीतरी थोडे अडावे, ओढले जावे, एखादा तंतू सुटून दाढेत अडकावा आणि जेवण संपल्यावरही जीभ त्याच्याशी खेळत राहावी, ही त्यांची आठवण असते. भाज्या फार समजूतदार असतात. दात लागण्याआधीच शरण येतात.

सोयाबीनच्या वड्या आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. आईला कुणीतरी सांगितले होते की यांत मांसाहून अधिक प्रथिने असतात. ते खोटे नव्हते, कोरड्या वडीच्या वजनात निम्म्याहून थोडी अधिक प्रथिनेच असतात. पण कोरडी वडी खातो कोण? आईने त्या न भिजवता थेट उकळत्या रश्श्यात सोडल्या आणि झाकण ठेवून ती दुसऱ्या कामाला लागली. झाकण उघडले तेव्हा रस्सा नाहीसा झाला होता. पातेलेभर फुगलेल्या, तपकिरी, चकाकणाऱ्या वड्या एकमेकींना रेटत काठापर्यंत आल्या होत्या. बाबांनी एक वडी तोंडात घातली, चावली, थांबले, पुन्हा चावली. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. मग त्यांनी शांतपणे विचारले, "हा बोळा आहे का?" ताईच्या नाकातून पाणी आले. आई काहीच बोलली नाही, पण पुढच्या वेळी तिने वड्या आधी मिठाच्या पाण्यात उकळल्या, निथळल्या आणि थंड पाण्याची परात भरून ती आम्हा दोघांपुढे ठेवली.

वडी पिळणे हे काम मुलांच्या हातासाठीच निर्माण झाले असावे. मूठभर वड्या घ्यायच्या आणि आवळायच्या. बोटांच्या फटींतून आधी पिवळसर पाणी येते, मग पांढरा फेस येतो आणि त्यामागून तो वास येतो, कच्च्या शेंगेचा, किंचित ओल्या मातीचा, जो या वड्यांचा मूळ दोष आहे आणि ज्याच्यासाठी ही सगळी खटपट करायची असते. मूठ सोडली की चपटी झालेली वडी हळूहळू अंग फुगवून पुन्हा उभी राहते. ताई म्हणायची की ती श्वास घेते. आम्ही एकेक वडी पुन्हा पाण्यात टाकून ती किती वेळात बुडते हे पाहत असू, आणि आई आतून ओरडत असे, "खेळू नका, पिळा!" तीन पाण्यांनंतर परातीतले पाणी बरेचसे स्वच्छ होत असे. त्या दिवशी बाबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले. बोळा हा शब्द मात्र घरात कायमचा राहिला.

त्या वडीचे गुपित मला फार पुढे कळले. सोयाबीनचे तेल काढून घेतल्यावर जी पेंड उरते तिचे पीठ करतात, त्यात पाणी घालतात आणि ते एका तापलेल्या नळकांड्यात मळसूत्रासारख्या दांड्याने प्रचंड दाबाखाली पुढे रेटतात. टोकाच्या बारीक भोकातून ते बाहेर पडते तेव्हा दाब एकदम सुटतो, आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि पीठ फुलते. म्हणून वडी स्पंजासारखी असते. अमेरिकेतल्या आर्चर डॅनियल्स मिडलंड या कंपनीने 1960 च्या दशकात हा प्रकार बाजारात रुजवला. आजकालच्या महागड्या पाकिटांतला माल याच यंत्राच्या धाकट्या भावातून निघतो, फक्त त्याच्या तोंडाशी एक लांब, थंड नळी जोडलेली असते. पिठात पाणी अधिक असते, नळीतून सरकताना ते निवत जाते, फुलायला त्याला वावच मिळत नाही आणि प्रथिने एका दिशेने ताणली जाऊन त्यांचे थर बसतात. तो तुकडा बोटांनी उकलला तर धागे सुटतात. पहिल्यांदा असा तुकडा उकलला तेव्हा मी तो शिजवण्याआधी ओट्याशी उभा राहून तीन-चारदा नुसताच फाडून पाहिला, हे कबूल केले पाहिजे.

पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय मी काहीही विकत घेत नाही, आणि घरच्यांना याचा फार कंटाळा आहे. पण ही खोड अनुभवाने लागली आहे. एकदा अंडेही न खाणाऱ्या एका मित्राला मोठ्या हौसेने जेवायला बोलावले होते. तव्यावर गोल टिक्क्या परतत असताना सहज पाकीट उलटले, तर चौथ्या ओळीत अंड्यातला पांढरा बलक. वस्तू एकत्र बांधून ठेवायला तो उत्तम असतो आणि पुष्कळ उत्पादनांत घातलेला असतो. चूक न वाचणाऱ्याची होती. मित्राला त्या रात्री टोमॅटो आणि पाव मिळाला. तेव्हापासून दुकानात चष्मा कपाळावर चढवून, पाकीट नाकाजवळ धरून वाचत उभा राहणारा जो माणूस वाटेत येतो, तो बहुधा मी असतो.

माझी खरी तक्रार मात्र पुढच्या बाजूच्या मोठ्या अक्षरांविषयी आहे. 'मांसविरहित' असे ती सांगतात. जे नाही त्यावरून एखाद्या पदार्थाची ओळख करून द्यावी, हे मला त्या पदार्थाचा अपमान केल्यासारखे वाटते. पण नाव ठेवायचे म्हटले की भांडण होते. कोनराड आडेनाउअर, जे पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले, त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत, कोलोन शहराचा कारभार पाहत असताना सोयाचे सॉसेज तयार केले होते. जर्मनीने त्यांना पेटंट नाकारले, कारण ज्यात मांस नाही ते सॉसेज नव्हे असा तिथला नियम होता. आणि 1918 साली ते पेटंट दिले ब्रिटनने, ज्याच्याशी त्या वेळी जर्मनीचे युद्ध चालू होते. शंभर वर्षांनंतर, 2020 मध्ये, मांस नसलेल्या पदार्थाला 'सॉसेज' किंवा 'बर्गर' म्हणू द्यावे की नाही, यावर युरोपीय संसदेत पुन्हा मतदान झाले. बंदीचा प्रस्ताव तेव्हा फेटाळला गेला, पण वाद काही मिटला नाही. मला यात दोन्ही बाजू थोड्या बालिश वाटतात, तरीही 'टिक्की' म्हटल्यावर आतून काहीही निघू शकते हे ज्या भाषेने मुकाट्याने पत्करले आहे, तिच्यात जन्मल्याचे समाधान वाटते.

नक्कल न करणारे पदार्थ मला अधिक टिकाऊ वाटतात. टेम्पे पाहा: जावा बेटावर उकडलेल्या सोयाबीनवर बुरशी चढवून त्याची घट्ट ढेप करण्याची रीत जुनी आहे, ती कोणाचेही सोंग घेत नाही आणि पातळ कापून तळली तर दातांना पुरेसे काम देते. बुरशीचाच आणखी एक प्रकार ब्रिटनमधल्या मातीत सापडला, टाक्यांत वाढवला गेला आणि 1985 मध्ये 'क्वॉर्न' या नावाने बाजारात आला. त्याचे तंतू बुरशीचे स्वतःचे असतात, यंत्राने ताणलेले नसतात. आणि टोफूबाबतचा माझा एकमेव शोध अपघाताने लागला. फ्रीजरच्या तळाशी एक लादी महिनाभर विसरली होती. बाहेर काढली तेव्हा ती पिवळी पडलेली आणि दगड झालेली होती. वितळल्यावर दाबली तर पाणी धो धो निघाले आणि हातात एक लवचिक, सच्छिद्र, चिवट वस्तू उरली, कारण बर्फाच्या स्फटिकांनी तिच्यात भोके पाडून ठेवली होती. जपानी लोक हे शतकानुशतके मुद्दाम करत आले आहेत हे नंतर समजले, तेव्हा थोडे वाईट वाटले.

याउलट ज्यातून 'रक्त' सुटते त्या टिक्क्यांशी माझे जमले नाही. सोयाबीनच्या मुळांच्या गाठींत आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला एक पदार्थ असतो. तो यीस्टकडून तयार करून घेऊन एका अमेरिकन कंपनीने 2016 मध्ये बर्गर काढला, तर दुसरी कंपनी त्यासाठी बिटाचा रस वापरते. युक्ती म्हणून मी दोघांनाही दाद देतो, परंतु जी गोष्ट टाळण्यासाठी मी इतका आटापिटा केला, नेमकी तीच पाकिटात भरून पाठवणाऱ्याने माझे दुखणे ओळखलेले नाही.

बंद पडलेल्या खिम्यात रक्ताचा आव नव्हता. तो गरम असतानाच खावा लागे, कारण त्यात पदार्थ बांधून ठेवणारे मिथाइलसेल्युलोज नावाचे द्रव्य होते आणि ते उलट्या स्वभावाचे असते: तापले की घट्ट होते, निवले की ढिले पडते. गप्पा मारत जेवणाऱ्यांच्या ताटात त्याचा लगदा होत असे. बाबा गप्पा मारत नसत. शेवटच्या वर्षांत ते माझ्याकडे होते, कवळी बसवली होती, आणि खऱ्या मांसाचे तुकडे ते चावून चावून ताटाच्या कडेला काढून ठेवत. एके दिवशी मी त्यांना हा खिमा वाढला. त्यांनी पहिला घास चावला, थांबले, पुन्हा चावला. मला बोळा आठवला आणि मी मान खाली घालून जेवत राहिलो. "हे बरं आहे," ते म्हणाले. "चावायला लागतं, पण त्रास देत नाही." ते काय आहे हे त्यांनी विचारले नाही आणि ताट पुसून घेतल्यासारखे स्वच्छ केले.

परवा फ्रीजरचे दार लावून मी तसाच मागे वळलो, डाळींच्या फळीवर सर्वांत खाली ठेवलेले सोयाबीनच्या वड्यांचे एक साधे पाकीट उचलले आणि मागची बारीक अक्षरे वाचली. तिथे एकच घटक लिहिलेला होता. घरी येऊन मिठाचे पाणी उकळले, वड्या टाकल्या, निथळल्या, थंड पाण्यात घातल्या आणि मूठ भरून पिळायला घेतल्या. तिसऱ्या पाण्यालाही थोडा फेस येत होता, म्हणून चौथे पाणी घेतले.