जिन्यातलं स्टूल

आज दुपारी आईच्या रिपोर्टसाठी डॉक्टरांचा फोन आला आणि मी ऐरोलीतल्या आमच्या चकाचक ऑफिसात बोलायला कोपरा शोधत फिरले. मीटिंग रूम सगळ्या भरलेल्या. शेवटी जिना गाठला.

तिथे एक प्लास्टिकचं स्टूल. पॅन्ट्रीतल्या मावशी खाली चालल्या होत्या. म्हणाल्या, "बसा ताई, मीच ठेवलंय. सगळे इथंच येतात बोलायला. परवा एक जण रडत होता."

रिपोर्ट ठीक आहे. स्टूल मात्र डोक्यातून जात नाहीये.

भिंती काढल्या की माणसं बोलती होतील, असं शिफ्टिंगच्या वेळी सांगितलं होतं. हार्वर्डच्या एथन बर्नस्टीन यांनी सहकाऱ्यासोबत दोन कंपन्यांत मोजून पाहिलं, २०१८ मध्ये छापलं. ओपन ऑफिसात गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं, ईमेल वाढले. पटतं. माझ्या शेजारचा हाताच्या अंतरावरून चॅटवर 'चहा?' विचारतो.

नव्या पोरांना फायदा होतो, हे खरं. अडलं की नुसती मान वळवायची. मीही तशीच शिकले.

तुमच्याकडे स्टूल कुठे ठेवलंय?