सिद्धेश्वर तलाव, चार प्रोसेस आणि मधलं भोक

मंडळी, तलावाच्या मॉडेलचा ग्रिड (तलावावर आखलेली चौकटींची जाळी, एक चौकट म्हणजे एक सेल) अखेर बसला. पाण्यात पडलेला रंग कसा पसरत जातो, एवढंच सोडवायचंय. सोलापूरकरांना सांगायला नको, पण मंदिर पाण्याच्या मधोमध आहे, म्हणजे ग्रिडलाही मधोमध भोक हवं. सध्या काठ चौरस धरलाय: ९६० × ९६० सेल, त्यात ३२० × ३२० कोरडे.

गणित सोडवायला हायपर (hypre) घेतलंय, म्हणजे मोठ्या समीकरणसंचांची लायब्ररी; काम चार प्रोसेसमध्ये, म्हणजे एकाच वेळी चार कोअरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या प्रतींमध्ये, वाटलंय. हायपरच्या स्ट्रक्ट इंटरफेसमध्ये (चौकटींच्या ग्रिडसाठीचा भाग) ग्रिड म्हणजे खोक्यांची बेरीज. प्रत्येक प्रोसेसने आपल्या खोक्याचे खालचे आणि वरचे कोपरे सांगायचे. भोक वेगळं सांगावं लागत नाही, तिथे खोकंच ठेवायचं नाही. सरळ आडवे-उभे तुकडे केले तर वरच्या-खालच्या पट्ट्यांत प्रत्येकी ३,०७,२०० सेल येतात आणि बाजूच्या दोघांत प्रत्येकी १,०२,४००. दोन कोअर राबणार, दोन माशा मारणार! म्हणून भिंगरीच्या पात्यांसारखे चार खोके लावले: (०,०) ते (६३९,३१९), (६४०,०) ते (९५९,६३९), (३२०,६४०) ते (९५९,९५९) आणि (०,३२०) ते (३१९,९५९). प्रत्येकी २,०४,८००, समसमान.

खरी मेहनत कडेला आहे. पाच बिंदूंच्या स्टेन्सिलचा (सेल स्वतः आणि त्याचे चार शेजारी) जो हात कोरड्या सेलकडे जातो, तो सहगुणक शून्य करायचा, आणि मॅट्रिक्सच्या कर्णावर, म्हणजे सेलच्या स्वतःच्या सहगुणकात, १ + ४λ ऐवजी १ + (ओले शेजारी × λ) ठेवायचं (λ म्हणजे एका कालपावलात रंग शेजारी किती पसरतो ते ठरवणारा आकडा). नुसतं शून्य करून कर्ण तसाच सोडला, तर रंग काठातून झिरपून जातो. प्रत्येक खोक्याच्या कडा हाताने लिहीत बसू नका. ‘शेजारी ओला आहे का’ एवढंच सांगणारं छोटं फंक्शन लिहा, बेट आणि बाहेरचा काठ दोन्ही त्यात उरकतात. शेजारचा सेल दुसऱ्या प्रोसेसकडे असला तरी काळजी नाही, ती देवाणघेवाण हायपर पाहतं.

तपासणी सोपी: समीकरणांच्या उजव्या बाजूला सगळीकडे १ द्या, सुरुवात शून्यापासून करा, उत्तर सगळीकडे १ यायलाच हवं. टॉलरन्सच्या (चालवून घ्यायच्या चुकीच्या मर्यादेच्या) आत आलं!

सॉल्व्हर पीसीजी (फेऱ्या मारत उत्तराजवळ जाणारी पद्धत), त्याला वेग देणारा प्रीकंडिशनर पीएफएमजी (हायपरचाच मल्टिग्रिड): पीएफएमजीला टॉलरन्स शून्य, दर वेळी एकच चक्कर. त्यात सांगण्यासारखं फार नाही. मॅट्रिक्स सममित आहे, त्यामुळे पाचाऐवजी तीनच सहगुणक साठवून भागेल, तो बदल अजून केलेला नाही.

आता तलावाचा खरा वेडावाकडा काठ घ्यायचाय. तिथे पायऱ्या पडणार, खोके वाढणार. मोठे खोके ठेवून कोरड्या सेलना कर्णावर नुसता १ द्यावा, की बारीक खोक्यांचा ढीग लावावा? माझा कल पहिल्याकडे आहे. कोणी दुसरं करून पाहिलं असेल तर लिहा.